शुद्धलेखनाचे गुण कापू नयेत

मी मुद्रितशोधक आहे. नौपाड्यातल्या एका छापखान्यात १७ वर्षं प्रुफं वाचली, आता कळव्याला घरी बसून वाचतो. गाइडं, कवितासंग्रह, पतपेढ्यांचे वार्षिक अहवाल, आणि श्रावण संपत आला की दिवाळी अंक. साहित्य महामंडळाचे शुद्धलेखनाचे नियम १९६२ साली १४ होते, १९७२ साली आणखी ४ आले. ते १८ च्या १८ मला झोपेतून उठवून विचारा. स्टेशनाबाहेर एका गाडीवर ‘गरम वडापाव मीळेल’ अशी पाटी आहे. तिथला वडा चांगला असतो म्हणतात. मी अजून खाल्लेला नाही.

हे आधीच सांगून टाकतो, कारण पुढे जे घडलं त्यात सगळ्यांत मोठा अडथळा मीच होतो.

लेकीच्या वह्या पहिलीपासून मी तपासायचो. ‘दिवस’चा ‘दीवस’, ‘भाकरी’ची ‘माकरी’, ‘धरण’चं ‘घरण’. ‘विद्यार्थी’ तर दर वेळी नवा. रफार कुठल्या अक्षरावर बसवायचा ते तिला ठरवता यायचं नाही, मग ती तो दोन अक्षरांच्या मधोमध, कोणाच्याच डोक्यावर नाही असा ठेवून द्यायची. मला तो चालूपणा वाटायचा. रोज संध्याकाळी १० ओळी शुद्धलेखन आणि चुकलेला शब्द २५ वेळा. पहिले सात-आठ बरोबर यायचे, पुढे पुन्हा बिघडायचे आणि शेवटचा शब्द मूळ चुकीहून वाईट निघायचा. हे माझ्या डोळ्यांदेखत चाललं होतं. जो माणूस पानभर मजकुरात एक पाय मोडलेला ‘र’ हेरतो, त्याला एवढं दिसू नये? मी त्यातून एकच अर्थ काढला: लक्ष नाही.

संध्याकाळी सहाच्या सुमाराला तिच्या पोटात दुखायचं. आजीनं ओवा दिला, मग दृष्ट काढली, मग बदाम भिजत घालायला सुरुवात केली. शाळेच्या रोजनिशीत दर वर्षी नव्या बाईंच्या अक्षरात जुनाच शेरा, ‘लेखनाकडे लक्ष द्यावे’. सहावी आणि जवळपास सगळी सातवी करोनात मोबाइलवर गेली, तेव्हा आम्हाला वाटलं पोरगी सुधारली. तेव्हा ऐकायचं काम जास्त होतं, आणि एकदा कानावर पडलेलं ती विसरत नाही. आठवीपर्यंत नापास करत नव्हते. त्यामुळे गाडी ढकलत ढकलत पुढे आली.

जानेवारी २०२३ मध्ये विज्ञानाच्या बाईंनी शाळेत बोलावलं. त्या नवीन होत्या, म्हणजे अजून कंटाळल्या नव्हत्या. त्यांच्यासमोर तिचा पेपर होता, अर्धा कोरा. त्या म्हणाल्या, “मी हाच पेपर तिला परवा तोंडी विचारला. ४० पैकी ३१ देईन मी. आणि लिहिलेल्याचे ९ आहेत.” मग जरा थांबून, “तुम्ही तिची तपासणी करून घ्या. एलडी असू शकेल.”

एलडी म्हणजे लर्निंग डिसॅबिलिटी, मराठीत अध्ययन अक्षमता. मला ‘डिसॅबिलिटी’ तेवढं ऐकू आलं. घरी येईपर्यंत मी बाईंवर चिडलेलो होतो. रात्री बायकोला म्हटलं, “यांना शिकवता येत नाही, म्हणून पोरीला अपंग ठरवायला निघाल्यात.” बायको पतपेढीत काम करते, आकड्यांशी खेळते, शब्द जपून वापरते. ती भाकरी थापता थापता म्हणाली, “अहो, तुम्ही तिचं कधी वाचता का? की नुसतं तपासता?”

चार दिवस मी तिच्याशी बोललो नाही. पाचव्या दिवशी लेकीची निबंधाची वही काढली आणि लाल पेन न घेता वाचायला बसलो. अवघड गेलं. हात आपोआप खिशाकडे जात होता. ‘माझे आवडते ठिकाण’ असा निबंध होता. तिनं खारेगावच्या खाडीबद्दल लिहिलं होतं. भरतीचं पाणी चढताना आधी वास येतो आणि मग पाणी दिसतं, असं तिचं वाक्य होतं. त्या एका वाक्यात माझ्या सहा खुणा होत्या, आणि सहाही बरोबर होत्या. वाक्य मात्र मी पहिल्यांदाच वाचत होतो.

तर तपासणी. आपल्याकडे हे प्रमाणपत्र खासगी समुपदेशकाचं चालत नाही, सरकारमान्य रुग्णालयाचंच लागतं, हे आम्हाला नौपाड्यात एका मॅडमना ३,५०० रुपये दिल्यावर कळलं. त्यांचा अहवाल चांगला होता, पण बोर्डाच्या कामाचा नव्हता. हे पैसे देण्याआधी कोणी सांगत नाही, म्हणून मी सांगतो. मग मुंबईतल्या एका मोठ्या रुग्णालयाची ओपीडी गाठली.

पहिल्या दिवशी पहाटे उठून स्लो लोकल पकडली. साडेआठला केसपेपरच्या रांगेत आमच्या पुढे ४० माणसं होती. नंबर लागल्यावर खिडकीतून कळलं की शाळेचं पत्र मुख्याध्यापकांच्या सहीचं हवं, वर्गशिक्षकांचं चालणार नाही. परत आलो. दुसऱ्या खेपेला पत्र होतं, तीन वर्षांची प्रगतिपुस्तकं होती, वह्यांच्या झेरॉक्स होत्या. त्या दिवशी मुलाखत झाली आणि आधी डोळे आणि कान तपासून आणायला सांगितलं. नीट दिसत नसेल किंवा ऐकू येत नसेल तर वाचता न येण्याचं कारण तेच असू शकतं, म्हणून ते आधी बाजूला काढावं लागतं. ते झालं. मग बुद्ध्यांकाच्या चाचणीची तारीख, सहा आठवड्यांनी. मग शैक्षणिक चाचणीची तारीख, आणखी महिन्यानं. गर्दी बघता कोणाला दोष द्यावा असं वाटत नाही, पण दर खेपेला तिची शाळा बुडायची आणि बायकोचा अर्धा दिवस कापला जायचा. जूनमध्ये सुरू केलेलं काम नोव्हेंबरात हाती आलं. मधले दोन महिने दिवाळी अंकांचे. २०२३ ची निम्मी प्रुफं मी ओपीडीच्या बाकावर वाचली आहेत. त्या वर्षीच्या एका अंकात पान ११२ वर ‘आशीर्वाद’ चुकला आहे, तो माझाच.

मुलाखत घेणाऱ्या मानसशास्त्रज्ञ मॅडम तरुण होत्या. त्यांनी बाळंतपणापासून विचारायला सुरुवात केली. कळा किती वेळ, वजन किती, रांगायला कधी लागली, बोलायला कधी. मग, “घरात आणखी कोणाला लिहिण्या-वाचण्याचा त्रास?” मी ताठ बसून सांगितलं, “नाही. माझं तर कामच प्रुफं वाचण्याचं आहे.”

बायकोनं हळूच म्हटलं, “भाऊजी?”

माझा धाकटा भाऊ वायरमन आहे. एखाद्या बिल्डिंगचं वायरिंग तो भिंतीकडे बघून सांगतो. नववीत शाळा सोडली, १९९६ साली. वडिलांनी पट्ट्यानं मारलं होतं, ते मला आठवतं. तो व्हॉट्सॲपवर कधीच लिहीत नाही, कायम बोलून पाठवतो, आणि आपण लिहून पाठवलेलं वाचलं नाही म्हणून आपण त्याला बेफिकीर म्हणतो. महाराष्ट्रात अशा मुलांना बोर्डाच्या परीक्षेत सवलती सुरू झाल्या त्याही १९९६ मध्येच. हे मला पुढे कळलं, आणि भावाला अजून सांगितलेलं नाही. मॅडमनी फॉर्मवर काहीतरी लिहिलं आणि म्हणाल्या, “हे पुष्कळदा घराण्यात असतं.”

चाचण्यांच्या वेळी पालकांना बाहेर बसवतात. बंगळुरूच्या निम्हान्स संस्थेनं बसवलेला चाचण्यांचा संच यासाठी वापरतात. वाचन, श्रुतलेखन, उतारा समजणं, आकडेमोड. बुद्ध्यांक सर्वसाधारण किंवा त्याहून बरा असूनही या कौशल्यांत मूल आपल्या इयत्तेच्या बरंच मागं आहे का, हे त्यात बघतात. बुद्धी कमी असणं हा वेगळा प्रश्न, त्याचं प्रमाणपत्र वेगळं. ही दोन खाती लोक सर्रास एकत्र करतात. मीही केलीच होती.

शेवटच्या खेपेला डॉक्टरांनी समोर बसवलं. तिलाही बसवलं, ते मला आवडलं. डिस्लेक्सिया आणि डिसग्राफिया, म्हणजे वाचनातली आणि लेखनातली अडचण. गणिताची, डिसकॅल्क्युलिया म्हणतात ती नाही. आकडे उतरवताना उलटे पडतात एवढंच. बुद्ध्यांक ११२. तिनं विचारलं, “म्हणजे किती पैकी?” डॉक्टर हसले. म्हणाले, यात पैकी नसतं, पण शंभर म्हणजे सर्वसाधारण. ती खुर्चीत जरा सरळ झाली.

मी विचारलं, “औषध?”

“औषध नाही. डोळ्यांचाही दोष नाही. आवाज आणि अक्षर यांची जोडी लावायचं काम बाकीच्यांच्या मेंदूत सरावानं आपोआप होतं, हिला ते दर वेळी मुद्दाम करावं लागतं. तुम्ही २५ वेळा लिहायला लावता ना, त्यात ती पंचवीस वेळा पहिल्यापासून सुरू करते.”

मी २५ वेळा लिहायला लावतो हे त्यांना कोणी सांगितलं, ते मी विचारलं नाही.

परतीच्या गाडीत खिडकी मिळाली. ती म्हणाली, “बाबा, बहात्तर म्हणताना आपण दोन आधी बोलतो आणि लिहिताना सात आधी. हे आधी कोणी ठरवलं?” मला एकदम २०१९ चा जून आठवला. बालभारतीच्या दुसरीच्या गणितात ‘सत्तावीस’च्या जोडीला ‘वीस सात’ असं वाचायची पद्धत आली आणि राज्यभर रान उठलं. विधानसभेत ‘फडण दोन शून्य’चा विनोद झाला, तो आम्ही छापखान्यात आठवडाभर चहाबरोबर पुरवून खाल्ला. बोलण्याचा क्रम आणि लिहिण्याचा क्रम उलटा पडतो, त्यात लहान मुलं अडखळतात, असं गणित समितीच्या मंगला नारळीकर परोपरीनं सांगत होत्या. ऐकतंय कोण! तेव्हा लेक पाचवीत होती आणि आजीचा फोन नंबर उलटा उतरवून ओरडा खात होती.

वेलांटीचंही तेच. ‘कि’ म्हणताना ‘क’ आधी, ‘इ’ नंतर. लिहिताना पहिली वेलांटी अक्षराच्या आधी येते. भ-म, ध-घ, थ-य, ब-व यांच्यात एखाद्या गाठीचा नाहीतर रेघेचा फरक. त्यात पाठ्यपुस्तकातला ‘ल’ आणि ‘श’ वेगळ्या वळणाचे, वर्तमानपत्राच्या टंकात वेगळे. टंक बदलला की आमच्यासारख्यांना सौंदर्य दिसतं, तिला नवीन अक्षर दिसतं. जन्मभर या लिपीतच काम केलं, पण तिच्यात पाय कुठे घसरतो ते मला लेकीनं दाखवलं. त्यात सेमी इंग्रजी. विज्ञान-गणित इंग्रजीतून. तिथे तर स्पेलिंग आणि उच्चार यांची गाठच पडत नाही.

विशेष शिक्षिका मिळाल्या त्या पाचपाखाडीत. आठवड्यातून दोन दिवस, तासाला ६०० रुपये. आम्हाला परवडत नव्हतं, कवितासंग्रह जास्त घेतले. पहिल्या महिन्यात त्यांनी तिच्याकडून एकही ओळ लिहून घेतली नाही. शब्द टाळ्यांवर तोडायचे, अक्षर बोटानं रव्यात काढायचं, पहिली वेलांटी हिरवी आणि दुसरी तांबडी. पुठ्ठ्याला एका ओळीएवढी खिडकी कापून ती पानावर सरकवायची. घरी बालभारतीची पुस्तकं पीडीएफ करून मोबाइलकडून वाचून घ्यायची, ती मोफत उतरवता येतात. आणि मला एक काम: तपासायचं नाही. बाई म्हणाल्या, “तुमचा हात शिवशिवला तर दुसऱ्याचं काहीतरी तपासा.” सुदैवानं तेवढं काम माझ्याकडे कायम असतं.

सुधारणा झाली का? वाचनाचा वेग वाढला. लेखन फारसं नाही. हे जन्माचं सोबती आहे, असं त्यांनी पहिल्याच दिवशी सांगितलं होतं, त्यामुळे कोणी ‘सहा महिन्यांत बरं करतो’ म्हणत आला की आम्ही त्याला चहा पाजून वाटेला लावतो.

नववी संपता संपता शाळेतून बोर्डाच्या सवलतींचा प्रस्ताव भरायचा होता. ठाणे जिल्हा मुंबई विभागीय मंडळात येतो, त्याचं कार्यालय वाशीला. प्रस्ताव शाळेमार्फतच जातो. शाळेतल्या एका सरांचं म्हणणं पडलं, “एकाला दिलं की सगळे मागायला येतील.” विज्ञानाच्या बाई शांतपणे म्हणाल्या, “सगळ्यांना आधी पाच महिने रुग्णालयात बसू दे, सर.”

सवलतींची यादी वाचताना आम्हा नवरा-बायकोत पहिलं खरं भांडण झालं. गणिताऐवजी सातवीच्या पातळीचं अंकगणित घेण्याची सोय असते. मला ते घेऊन टाकावंसं वाटलं, तेवढीच काळजी कमी. बायको म्हणाली, गणित तिला येतं, फक्त उतरवता येत नाही. आज गणित सोडलं तर पुढच्या कितीतरी वाटा आपण आपल्या हातानं बंद करू. विशेष शिक्षिकेनंही तेच सांगितलं: मिळतंय म्हणून सगळं उचलू नका, जिथे पाय अडतो तिथलंच घ्या. शेवटी लेखनिक, तासाला २० मिनिटं जादा वेळ, आणि शुद्धलेखनाच्या चुकांचे गुण न कापणं, एवढं घेतलं.

त्या शेवटच्या सवलतीच्या अर्जाखाली पालकाची सही माझी. शुद्धलेखनाचे गुण कापू नयेत, अशी विनंती मी केली आहे. सही करायच्या आधी सवयीनं अर्ज वाचला. छापील मजकुरात ‘विनंती’चा ‘वि’ दीर्घ होता. तसाच राहू दिला.

लेखनिकाला सगळे रायटर म्हणतात. तो खालच्या इयत्तेतला हवा, म्हणजे दहावीसाठी नववीचा. शोधायला निघाल्यावर कळलं की हे स्थळ शोधण्याइतकं अवघड आहे. नववीच्या मुलाचीही परीक्षा, क्लास, आईचा विरोध. दोन घरांतून ‘बघतो’ आलं, म्हणजे नाही. शेवटी मनीषानगरमधली एक मुलगी तयार झाली, तिचं अक्षर टपोरं होतं आणि ती गप्प बसू शकत होती. दुसरा गुण जास्त महत्त्वाचा, हे मला माझ्यावरूनच कळलं.

कारण त्याआधी सरावाला मी बसलो होतो. ती सांगणार, मी लिहिणार. दहा मिनिटांत तिनं थांबवलं. “बाबा, मी ‘खूप पाऊस’ म्हटलं. तुम्ही ‘मुसळधार’ लिहिलंत.” मी म्हटलं, जास्त चांगलं वाटतं. “पण ते माझं नाहीये.” पुढच्या परिच्छेदात मी तिची दोन वाक्यं जोडून एक केलं. तिनं मला कामावरून काढून टाकलं. छापखान्यातही मला एवढ्या लवकर कोणी काढलं नव्हतं.

सांगून लिहवणं ही वेगळी विद्या आहे. पूर्णविराम कुठे, नवीन परिच्छेद कुठे, आकृतीतली नावं कुठे, हे सगळं तोंडानं सांगायचं. आधीचं वाक्य काय सांगितलं ते लक्षात ठेवायचं. आणि समोरची मुलगी लिहीत असताना पुढचं वाक्य मनात धरून गप्प बसायचं. तीन महिने दर रविवारी दोघी जणी आमच्या घरात बसल्या. पोहे, सरबत, जुन्या प्रश्नपत्रिका. लोक म्हणतात, ‘मजा आहे, रायटर मिळाला.’ एक रविवार येऊन बघा.

त्याच सुमाराला, जुलै २०२४ मध्ये, शाळेच्या पालकसभेत बाईंनी मला दहा मिनिटं बोलायला सांगितलं. मला बोलता येत नाही. मी माझ्या धंद्यातलं केलं. चौथीच्या पातळीचा एक उतारा जुळवला, त्यात भ-म, ध-घ यांची अदलाबदल केली, वेलांट्या एकेक अक्षर पुढे सरकवल्या, दोन शब्दांमधल्या मोकळ्या जागा भलतीकडे नेल्या आणि ६० प्रती काढल्या. एका वडिलांना उभं करून मोठ्यानं वाचायला लावलं, बायको घड्याळ लावून बसली. ते बँकेत अधिकारी आहेत. तिसऱ्या ओळीला घाम फुटला. मागून कोणीतरी फिसकन हसलं. ते खाली बसले आणि म्हणाले, “शब्द लावण्यातच जीव गेला. काय वाचलं ते विचारू नका.” मी म्हटलं, “आता यावर पाच प्रश्न आहेत, वेळ दहा मिनिटं.”

विशेष शिक्षिकेनं नंतर माझे कान धरले. या मुलांना अक्षरं अशीच नाचताना दिसतात असं समजू नका, तो गैरसमज आहे. तुमच्या कागदानं फक्त किती ताकद लागते ते कळतं. पुढच्या वेळी मी तसं सांगूनच कागद वाटला.

सभेनंतर चार जण थांबले. दिव्यांगांच्या कायद्यात हे येतं हेच त्यांना ठाऊक नव्हतं. १९९५ च्या कायद्यात ७ प्रकार होते, २०१६ च्या कायद्यात २१ झाले आणि त्यात ही अध्ययन अक्षमता स्वतंत्रपणे आली. एकांची बहीण कोपरखैरण्याला राहते, तिचा मुलगा पाचवीत. त्यांना वाशीच्या ईटीसी केंद्राचं सांगितलं. नवी मुंबई महापालिकेनं दिव्यांग मुलांच्या शिक्षणासाठी चालवलेलं ते केंद्र आहे. एक आई मात्र जाता जाता म्हणाली, “आमचा तसा नाही हो, आळशी आहे.” मी काही बोललो नाही. माझ्या तोंडी हेच वाक्य आठ वर्षं होतं. तिला बाईंचा नंबर दिला. फोन केला की नाही, माहीत नाही.

२१ फेब्रुवारी २०२५, पहिला पेपर मराठीचा. दोघींना वेगळी खोली. अकराला सुरू झालेला पेपर बाकीच्यांचा दोन-दहाला संपला, फाटकातून मुलं लोंढ्यानं बाहेर आली, आणि पुढचा एक तास मी आणि रायटरची आई आवळा सुपारी चघळत उभे. आतून बाकं सरकवल्याचे आवाज येत होते. पर्यवेक्षकांनी आत तिला विचारलं म्हणे, “हात मोडलाय का? मग दिसतेस तर ठणठणीत.” ती म्हणाली, “सर, प्रमाणपत्र टेबलावर आहे.” वर्षभरापूर्वी ती रडली असती.

१३ मेला निकाल लागला. ७१.४० टक्के. विज्ञानाच्या दोन्ही पेपरांत मिळून ८० पैकी ५९. आजीनं पेढे वाटले आणि श्रेय बदामांना दिलं. आता ती अकरावीला आहे, कला शाखेला, तिच्या हट्टानं. केंद्राच्या सूचनांप्रमाणे अठराव्या वर्षी पुन्हा तपासणी, ते प्रमाणपत्र मग कायमचं. म्हणजे ऑगस्ट २०२७ नंतर पुन्हा तीच लोकल, तोच केसपेपर. फाइल बायकोनं जपून ठेवली आहे, प्रत्येक कागदाच्या पाच झेरॉक्ससकट. फाइलवर लेकीच्या अक्षरात ‘सर्टीफीकिट’ लिहिलं आहे. सापडते बरोबर.

एक सवय मात्र त्या रविवारांमधून घरात राहिली. जुन्या छापखान्यांत एक जण हस्तलिखित मोठ्यानं वाचायचा आणि दुसरा प्रुफावर नजर ठेवायचा. आता तसा माणूस कोणाला परवडत नाही. तिला ऐकायला आवडतं म्हणून मी संध्याकाळी प्रुफं मोठ्यानं वाचतो, ती पाय पसरून शेंगा सोलत ऐकते. गेल्या महिन्यात एका दिवाळी अंकातली दीर्घकथा वाचत होतो, दुसरं प्रूफ. वेलांटी न् वेलांटी जागेवर होती. पान ६२ वर नायकाला त्याची मावशी चहा आणून देते.

“बाबा, मावशी गेली ना?”

“कुठे?”

“मेली. मघाशी नाही का, पावसात, तिला न्यायला माणसं मिळेनात.”

मागं जाऊन पाहिलं. पान ४१. मावशीचा अंत्यविधी दीड पान होता. लेखकानं वाचलं होतं, संपादकांनी वाचलं होतं, मी दोनदा वाचलं होतं आणि त्याच दीड पानात तीन अनुस्वार दुरुस्त केले होते. संपादकांना फोन लावला. पलीकडे बराच वेळ कोणी बोलेना. मग ते म्हणाले, “लेखक परदेशात आहेत, अंक परवा छपाईला जातोय. असं करा, मावशीला मारू नका. आजारी ठेवा.”